‘ते ३१ पीपीएम कसे मोजले?’: क्वालिटीतल्या एका शेवटच्या फेरीची तयारी

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग कारखान्यात सात वर्षं काढलेला क्वालिटी इंजिनिअर. वय ३१, मेकॅनिकलची पदवी, पद सीनियर इंजिनिअर, हाताखाली सहा इन्स्पेक्टर. चाकणला वाहनांचे हायड्रॉलिक भाग बनवणाऱ्या, जर्मन मालकीच्या एका कंपनीत ‘असिस्टंट मॅनेजर, कस्टमर क्वालिटी’ या जागेसाठी त्याने अर्ज केला होता. एचआरचा फोन झाला, विभागप्रमुखाबरोबर दीड तासाची तांत्रिक मुलाखत झाली. मग आठवडाभराने, एका मंगळवारी मेल आला: पुढच्या आठवड्यात शुक्रवारी प्लांटवर या. ११ वाजता प्लांट हेड आणि एचआर हेड, १२:३० ला जर्मनीतून क्वालिटी डायरेक्टर व्हिडिओवर (उन्हाळी वेळेप्रमाणे तिकडे सकाळचे ९). हातात दहा दिवस.

हा उमेदवार म्हणजे कुणी एक माणूस नाही. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या अशा भरतीत हमखास दिसणाऱ्या गोष्टी एका प्रकरणात गोळा केल्या आहेत आणि आकडे हिशोब कळावा अशा बेताने घेतले आहेत. हिशोबाची रीत मात्र खरी आहे.

पहिल्या दोन दिवसांतली चूक

मेल आल्याबरोबर त्याने कोअर टूल्सची (वाहन उद्योगातल्या क्वालिटीच्या ठरलेल्या पद्धतींची) पुस्तकं काढली. पीपीएपीचे (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेचे) १८ घटक, पाच लेव्हल, एमएसएमध्ये (मोजमापाच्या तपासणीत) जीआरआर, म्हणजे गेज आणि मोजणारा माणूस यांच्यामुळे मापात येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर चालतं आणि ३० च्या वर चालत नाही, सुरुवातीच्या प्रोसेस स्टडीला सीपीके (प्रोसेस मापाच्या मर्यादेत किती नीट बसते याचा आकडा) १.६७ लागतो. हे सगळं त्याला येत होतं आणि दुसऱ्या फेरीत विचारूनही झालं होतं. तरीही बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण जे येतं ते पुन्हा वाचताना बरं वाटतं.

शेवटच्या फेरीत प्लांट हेडच्या पुढ्यात मागच्या मुलाखतीचं मूल्यमापनपत्रक असतं. त्यात विभागप्रमुखाने दोन-तीन ओळी खरडलेल्या असतात, साधारण अशा: ८डी (तक्रार आठ पायऱ्यांत सोडवण्याची पद्धत) चांगलं, ग्राहकाशी बोलू शकेल, आकडे तपासावेत, खर्चाची जाण बघावी. ‘तपासावेत’ आणि ‘बघावी’ हाच शेवटच्या फेरीचा अभ्यासक्रम. तो उमेदवाराला कुणी दाखवत नाही, पण बराचसा अंदाज बांधता येतो.

तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन बसला आणि दुसऱ्या फेरीत आलेले प्रश्न क्रमाने आठवून लिहिले. आठवडा उलटून गेलेला, तरी २३ आठवले. (हे काम मुलाखतीच्या त्याच रात्री करायचं असतं. चाकणहून परतताना बसमध्ये फोनवर बोलून ठेवलं तरी पुरतं.) प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण: नीट सुटला, अर्धवट सुटला, की समोरच्याने शब्द बदलून पुन्हा विचारला. कामाची ती तिसरी खूण. दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न म्हणजे पहिलं उत्तर पटलेलं नाही. असे चार निघाले: रिजेक्शन ६० टक्क्यांनी कमी केलं म्हणता, ते कशाचे ६० टक्के? ग्राहकाकडचे ३१ पीपीएम (दर दहा लाख नगांमागे सदोष नग) कसे मोजले? यात तुमचा स्वतःचा निर्णय कोणता? आणि या सगळ्याला खर्च किती आला?

त्याच दिवशी एचआरमधल्या समन्वयकाला फोन. मुलाखतीला कोण-कोण आणि त्यांची पदं काय, एकूण किती वेळ, प्लांट फिरून दाखवणार का, कोणते कागद लागतील, एवढंच विचारलं. ‘असं विचारणं बरं दिसेल का’ म्हणून पुष्कळ जण हा फोन टाळतात. समन्वयक मात्र अशा फोनला सरावलेले असतात. इथे दोन गोष्टी कळल्या: शॉप फ्लोअरवर फेरी होणार, तेव्हा सेफ्टी शूज घालून या, आणि या जागेखालची टीम अकरा जणांची आहे. दुसऱ्या माहितीकडे त्याने लक्ष दिलं नाही, आणि पुढे ते महागात पडलं.

३१ की ७३

आता त्या पीपीएमकडे. रेझ्युमेत ओळ होती: ‘कस्टमर पीपीएम ३१ पर्यंत खाली आणला.’ हिशोब सरळ वाटतो. वर्षभरात त्या ग्राहकाला ९६,००० व्हॉल्व्ह बॉडी गेल्या. आडव्या आणि उभ्या भोकाच्या सांध्यावर बर (ड्रिलिंगनंतर कडेला राहणारा धातूचा खरखरीत काठ) राहिल्याची एक तक्रार आली, तीन नग. तीन भागिले ९६,००० गुणिले दहा लाख, म्हणजे ३१.

तयारीत त्याने वर्षाचे कागद पुन्हा चाळले तेव्हा गोम सापडली. तक्रार ज्या लॉटवर आली तो ४,८०० नगांचा. ग्राहकाच्या गोदामात त्या लॉटचं सॉर्टिंग केलं तेव्हा तिथे आणखी चार नग निघाले. वाटेतला आणि स्वतःच्या गोदामातला माल धरून आणखी ७,२०० तपासले, त्यात सात निघाले. हे शेवटचे सात ग्राहकापर्यंत पोचलेच नाहीत, ते घरातलं रिजेक्शन. पण ते चार ग्राहकाच्या दारातले. काही ग्राहक फक्त तक्रारीतले नग धरतात, काही आपल्या आवारात सापडलेला प्रत्येक नग धरतात. या ग्राहकाच्या स्कोअर कार्डवर तीन अधिक चार, सात नग होते. म्हणजे ७३ पीपीएम. आणि तोच हिशोब कुणी त्या एका लॉटवर मांडला, तर तीन नगांचेच ६२५ होतात.

म्हणजे रेझ्युमेतला आकडा खोटा नव्हता, कंपनीच्या स्वतःच्या मासिक रिपोर्टमधून उचललेला होता. पण ज्या खुर्चीसाठी अर्ज केलाय तिचं नावच ‘कस्टमर क्वालिटी’, आणि तिथे ग्राहकाच्या हिशोबापेक्षा निम्म्याहून कमी आकडा घेऊन बसायचं म्हणजे प्लांट हेडच्या दुसऱ्याच प्रश्नाला घाम फुटणार. यावर दोन मार्ग असतात. कुणी विचारलं तरच सांगायचं, किंवा आधी आपणच सांगायचं. दुसरा बरा, आणि तोही एका वाक्यात: ‘रेझ्युमेत ३१ लिहिलंय ते आमच्या रिपोर्टप्रमाणे, ग्राहकाच्या स्कोअर कार्डवर ७३ आहे, कारण त्यांच्याकडच्या सॉर्टिंगमध्ये निघालेले चार नगही ते धरतात.’ याला दहा सेकंद लागतात. क्षमा मागायची नाही, लांबवायचं नाही.

६० टक्क्यांचं कोडं सोपं होतं. त्या लाइनवरचं घरातलं रिजेक्शन २.४ टक्क्यांवरून ०.९५ वर आलं, घट १.४५, म्हणजे मूळच्या ६० टक्के. दुसऱ्या फेरीत त्याने हे आणि पीपीएम एकाच दमात सांगितलं होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला घरातलं आणि ग्राहकाकडचं यात फरक लागेना. आकडा सांगताना आधी ‘कुठे मोजलेला’ हे यायला हवं, मग ‘किती होतं’, मग ‘किती झालं’. नुसती टक्क्यांची घट कधीच पुरत नाही: ४ नगांचे २ झाले तरी ती ५० टक्के घट असते.

राहिला खर्च. महिन्याला ८,००० नग, त्याच्या १.४५ टक्के म्हणजे ११६ नग वाचले. स्क्रॅपचे पैसे वजा जाता एका नगामागे नुकसान २१० रुपये. महिना २४,३६०, वर्षाला सुमारे २ लाख ९२ हजार. सुधारणेवर एकदाचे ८५,००० गेले, ते साडेतीन महिन्यांत वसूल. शेजारी तक्रारीचा खर्चही मांडला: १२,००० नग, प्रत्येकी ४० सेकंद, म्हणजे १३३ तास सॉर्टिंग, थर्ड पार्टीचा दर तासाला २५० रुपये, ३३ हजार; दोन स्पेशल गाड्या १४ हजार; ग्राहकाची डेबिट नोट १ लाख १३ हजार. एकूण १ लाख ६० हजार. इंजिनिअरला हे आकडे अकाउंट्समधून मागून घ्यावे लागतात, आणि एरवी ते कुणी मागत नाही. म्हणूनच ज्याच्याकडे असतात तो उठून दिसतो.

एक किस्सा, दोन मिनिटांत

बरच्या या तक्रारीवरच मुलाखतीचा बराच वेळ जाणार हे उघड होतं. त्याने ती फोनवर रेकॉर्ड करून सांगून पाहिली. पहिल्यांदा ६ मिनिटं ४० सेकंद लागले. सुरुवात अशी: ‘आमच्याकडे एक लाइन आहे, तिथे आम्ही व्हॉल्व्ह बॉडी करतो, आम्हाला एकदा तक्रार आली, मग आम्ही टीम बनवली, आम्ही फिशबोन काढला...’

यात दोन दोष आहेत. एक तर पहिल्या मिनिटात ग्राहकाचं काय झालं ते कळतच नाही. दुसरा आपल्या बोलण्यातला खास दोष: ‘आम्ही’. मराठीत ‘मी केलं’ म्हणणं आगाऊपणाचं वाटतं म्हणून आपण सगळं ‘आम्ही’वर ढकलतो, आणि तीच सवय इंग्रजीतही उतरते. समोरच्याला कळत नाही की हा माणूस मीटिंगमध्ये बसला होता की मीटिंग त्याने बोलावली होती. उपाय म्हणजे प्रत्येक क्रियापदाला धनी द्यायचा. टूल रूमने केलं ते टूल रूमने, प्रॉडक्शनने केलं ते प्रॉडक्शनने, मी केलं ते मी. इतरांचं श्रेय इतरांना दिलं की ‘मी’ टोचत नाही.

नव्याने मांडताना वेळ वाटून घेतला: काय पोचलं १५ सेकंद, पहिल्या २४ तासांत काय केलं २५, का घडलं आणि का सुटलं ४५, काय बदललं आणि कसं पडताळलं २५, खर्च १०. मधला भाग सर्वांत मोठा, कारण ८डीची खरी परीक्षा तिथेच होते. ‘का घडलं’ आणि ‘तपासणीतून का सुटलं’ ही दोन वेगळी कारणं लागतात, आणि पुष्कळ जण पहिल्यावरच थांबतात.

इथे पहिलं कारण वरवर बघता ‘ड्रिल झिजलं’. त्याचं आयुष्य ८०० भोकं ठरवलेलं. झिजलेलं ड्रिल भोकाच्या सांध्यावर जाड बर सोडतं आणि पुढचा डीबरिंग ब्रश ती काढू शकत नाही. मग बदललं का नाही? मशीनवरचा काउंटर कुणीही शून्यावर आणू शकत होतं, आणि तिसऱ्या पाळीत सेटरने तो ड्रिल न बदलताच शून्य केला. इथे थांबलं की कारवाई होते ‘सेटरला समज दिली’, आणि ग्राहक तो ८डी परत पाठवतो. आणखी एक ‘का’ विचारल्यावर खरं बाहेर आलं: नवी ड्रिलं टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या खोलीत) कुलुपात, आणि तिसऱ्या पाळीला क्रिबवर माणूसच नाही. मशीन थांबवून सकाळची वाट बघायची, की काउंटर शून्य करायचा? सेटरने जे केलं ते त्याच्या जागेवरून समजण्यासारखं होतं. सुटलं का, तर तपासणी दर दोन तासांना पाच नग. ड्रिल संपत आलेलं असतानाचे नग नेमके त्या पाचांत यायलाच हवेत असं काही नव्हतं.

बदल असे: सेट करून ठेवलेली चार ड्रिलं लाइनजवळच्या कपाटात (हा त्याचा निर्णय, प्रॉडक्शनचा विरोध असताना घेतलेला, आणि म्हणून ‘तुमचा निर्णय कोणता’ याचं उत्तर), काउंटर शून्य करायला पासवर्ड आणि नव्या ड्रिलच्या लांबीची मशीनवरच मोजणी, ड्रिल काढण्याआधीचा शेवटचा आणि बदलल्यानंतरचा पहिला नग बोअरस्कोपखाली (भोकाच्या आत बघायच्या उपकरणाखाली). पडताळणी तीन महिने, २४,००० नग, एकही बर नाही.

शेवटच्या वाक्यात एक खड्डा आहे. ‘म्हणजे आता शून्य पीपीएम?’ असं डायरेक्टर विचारू शकतो आणि ‘हो’ म्हणणारा अडकतो. २४,००० नगांत शून्य दोष म्हणजे ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दर १२५ पीपीएमच्या आत आहे (३ भागिले २४,०००). खात्री येते ती नग मोजून नव्हे, तर कारण बंद केल्यामुळे: ड्रिल न बदलता काउंटर शून्य होऊच शकत नाही.

आणखी एक सावधगिरी. ८डीचा मूळ रिपोर्ट, ग्राहकाचं ड्रॉइंग, स्कोअर कार्डचा फोटो यातलं काहीही बरोबर न्यायचं नाही. दाखवलं तर प्लांट हेड कौतुकाने बघेलही, पण मनात म्हणेल की हा उद्या आपलेही कागद असेच फिरवणार. कोऱ्या कागदावर हाताने काढलेली भोकांची आकृती पुरते, ग्राहकाचं नावही घ्यावं लागत नाही.

‘माल जाऊ दे’ हा प्रश्न

प्लांट हेड क्वालिटीच्या माणसाला हा प्रश्न विचारतोच: महिन्याची ३० तारीख, संध्याकाळचे सहा, गाडी लागलेली, एक माप टॉलरन्सच्या बाहेर ५ मायक्रॉन, ग्राहकाची लाइन उद्या थांबेल. मी सांगतो पाठवा. तुम्ही काय कराल?

सराव मुलाखत त्याने मुद्दाम प्रॉडक्शनमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून करून घेतली. क्वालिटीवाले एकमेकांना सौम्य प्रश्न विचारतात; प्रॉडक्शनवाला मानगूट धरतो. उमेदवाराचं पहिलं उत्तर होतं ‘मी पाठवू देणार नाही’. उत्तर बरोबर, पण कामाचं नाही. प्लांट हेडला नकाराबरोबर रस्ता हवा असतो, म्हणून पावलं ठरवली. माल होल्डवर, लाल टॅग. मग लगेच मापाची खातरजमा, दुसऱ्या गेजवर आणि दुसऱ्या माणसाकडून, कारण ५ मायक्रॉन हा गेजचाच खेळ असू शकतो. माप खरं निघालं तर लॉट वेगळा करून चांगले नग निवडायला लगेच माणसं लावायची आणि रात्रीच्या गाडीपुरते तरी द्यायचे. त्याच वेळी ग्राहकाच्या क्वालिटीला फोन, माप आणि जोडणीवरचा परिणाम लिहून कन्सेशनची (मापाबाहेरचा माल घेण्याच्या परवानगीची) मागणी. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकातल्या ८.७.१.१ प्रमाणे ग्राहकाची परवानगी नसेल तर तो माल जात नाही. फोन मीच करीन, पण प्लांट हेडना सांगून. ‘परवानगी आली नाही तर?’ ‘उरलेला जाणार नाही, आणि लाइन थांबण्याची कल्पना त्यांना आजच मिळालेली असेल, उद्या सकाळी नाही.’

कंपनीचं वाचन

वेबसाइटवरचं ‘व्हिजन’ वाचून काही मिळत नाही. कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवालातला व्यवस्थापनाचा आढावा वाचावा. ही नव्हती. अशा खासगी कंपन्यांचीही बँक कर्जं असतात, आणि त्यासाठी क्रिसिल, इक्रा, केअर अशा संस्थांनी दिलेल्या मानांकनामागची कारणमीमांसा त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. दोन-तीन पानांत कळतं की विक्रीतला किती वाटा कोणत्या ग्राहकांचा, नवीन शेड कधी उभी राहतेय, नफा कशाने दबलाय. इथे नव्या लाइनसाठी भांडवली खर्च चालू असल्याचं कळलं, त्यावरून त्याचा प्लांट हेडसाठीचा प्रश्न तयार झाला: नव्या लाइनचं पीपीएपी ही जागा भरण्याआधी होणार की नंतर? असा प्रश्न ‘कंपनीचं कल्चर कसं आहे’पेक्षा शंभर पटीने बरा, कारण त्याच्या उत्तरावर स्वतःचं पहिलं वर्ष ठरतं.

जर्मन मालकी म्हणून एफएमईएवरही (कुठे काय बिघडू शकतं याच्या आगाऊ मांडणीवरही) नजर टाकली. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटना) हँडबुकने आरपीएन, म्हणजे धोक्याच्या तीन गुणांचा गुणाकार, बाद करून ॲक्शन प्रायॉरिटी (कोणत्या धोक्यावर आधी काम करायचं याची प्रतवारी) आणली. त्याच्या कारखान्यातलं त्या लाइनचं एफएमईए अजून जुन्या पद्धतीचं होतं. हे लपवण्यासारखं नाही, पण माहीत असायला हवं.

पगाराचा हिशोब

सध्याचा सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) ११ लाख ४० हजार. बेसिक ४० टक्के, वेरिएबल (कामगिरीवर वर्षअखेर मिळणारा भाग) १० टक्के. त्यातून कंपनीचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के) ५४,७२०, ग्रॅच्युइटी (४.८१ टक्के) २१,९३४, मेडिक्लेम १२,००० आणि वेरिएबल १,१४,००० वजा केले की महिन्याला ७८,११२ उरतात. स्वतःचा पीएफ ४,५६० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ७३,३५०. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी आयकर शून्य.

मनातला आकडा होता १५ लाख, म्हणजे सुमारे ३२ टक्के वाढ. पण नव्या कंपनीत बेसिक ५० टक्के आणि या पदाला वेरिएबल १५ टक्के असल्याचं एचआरच्या पहिल्या फोनवरच कळलं होतं. मेडिक्लेम १५,००० धरून तोच हिशोब केला: महिन्याला ९४,४९४, पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन ८६,७९४. आता करपात्र उत्पन्न १२ लाखांची रेषा ओलांडतं, वेरिएबल धरून वर्षाचा कर सुमारे ७५,५००. तो बारा महिन्यांत वाटला की हातात ८०,५००. सीटीसी ३२ टक्के वाढला, हातातला पगार १० टक्केही नाही. पैसे कुठे नाहीसे झाले असं नाही, ते पीएफमध्ये आणि वर्षअखेरच्या वेरिएबलमध्ये आहेत. पण ज्याचा मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याला जातो त्याला हे आधी कळायला हवं.

म्हणून त्याने दुसरी मांडणी करून पाहिली: १४ लाख ४० हजार, पण वेरिएबल १० टक्केच. हातात महिन्याला सुमारे ८६,७५०, कारण उत्पन्न १२ लाखांच्या जरासंच वर राहतं आणि तिथे करात सवलत मिळते. वेरिएबल शंभर टक्के मिळाला तरी वर्षाच्या शेवटी १५ लाखांच्या मांडणीत रोख फक्त सहा हजारांच्या आसपास जास्त येते. एवढा कागद खिशात असला की एचआरसमोर आकड्यावर अडून बसावं लागत नाही, वेरिएबलवर बोलता येतं, आणि तिथे एचआरचा हात सहसा मोकळा असतो. बेसिकवर घासाघीस करण्यात आता फारसा अर्थ नाही: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत भत्ते निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

रेझ्युमेतल्या तारखाही यूएएनच्या (पीएफ क्रमांकाच्या) नोंदींशी ताडून पाहिल्या. पहिल्या नोकरीची सुरुवात रेझ्युमेत जुलै, पीएफमध्ये सप्टेंबर. दोन महिने ट्रेनी म्हणून स्टायपेंडवर गेलेले. पार्श्वभूमी तपासणीत हे निघण्याआधी एचआरला एका ओळीत कळवलं, विषय संपला.

शुक्रवार

मोशीहून चाकण एरवी अर्ध्या तासावर, पण नाशिक रस्ता आणि तळेगाव चौक यांचा भरवसा धरायचा नसतो. ९:१५ ला निघून १०:२० ला गेटवर. आत जायला वीस मिनिटं गेली: ओळखपत्र, लॅपटॉपचा सीरियल नंबर, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सुरक्षेची चित्रफीत.

प्लांट हेडनी मराठीत सुरुवात केली, एचआर हेडना मराठी येत नव्हतं. त्याने मराठी प्रश्नाला पहिलं वाक्य मराठीत आणि पुढचं इंग्रजीत असं धोरण ठेवलं. पाचव्या मिनिटाला ३१ पीपीएमचा प्रश्न आला. ३१ आणि ७३ दोन्ही सांगितल्यावर प्लांट हेडनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘वॉरंटीत किती आले?’ हे त्याच्याकडे नव्हतं. ‘वॉरंटीचा डेटा ग्राहक आमच्या पातळीला देत नाही, मला फक्त लाइनवरचं दिसतं.’ तिथे अंदाज ठोकला असता तर आधीचे दोन्ही आकडेही संशयात गेले असते.

शॉप फ्लोअरवरची फेरी गप्पांची वाटते, पण असते मुलाखतच. बघायचं काय, तर तासागणिक उत्पादनाचा फलक भरलेला आहे का, गेजवरच्या कॅलिब्रेशन स्टिकरची तारीख, लाल बिनमधले नग आणि त्यांवरचा टॅग. बोलायचं कमी. एका गेजचं स्टिकर संपलेलं त्याला दिसलं. त्याने ते ऑपरेटरसमोर काढलं नाही. लाइनवरून परतताना प्लांट हेडनी विचारलं ‘काय दिसलं?’, तेव्हा आधी फलकाबद्दल आणि मग गेजबद्दल सांगितलं.

डायरेक्टरांचा व्हिडिओ सर्वांत सरळ झाला. बरचा किस्सा दोन मिनिटांत संपल्यावर त्यांचे प्रश्न लगेच पुढच्या पायरीवर गेले: असा काउंटर आणखी किती मशीनवर आहे? चौदा. सगळीकडे बदल केला? नऊवर, पाच मशीनच्या जुन्या कंट्रोलरवर तो प्रोग्रॅम चालत नाही, तिथे हाताने भरायचं कार्ड आहे. एफएमईए सुधारलं? त्या लाइनचं हो, जुन्या पद्धतीतच. ‘चौदाही झालं’ असं म्हणण्याचा मोह इथे होतो, आणि पुढचा प्रश्न हमखास असतो: कार्ड कोण तपासतं?

घसरगुंडी झाली ती एचआर हेडच्या प्रश्नावर, आणि तोही अवघड नव्हता. ‘तुमच्या सहा जणांपैकी आज तुमची जागा कोण घेऊ शकेल, आणि त्याच्यासाठी तुम्ही काय केलंत?’ नाव सांगता आलं. काय केलं ते नाही. स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम येतं याचा तक्ता) लावलेला आहे असं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, शेवटचा कधी बदलला? त्याला महिना आठवला नाही. तयारीत पाच किस्से लिहिलेले होते, चार तांत्रिक आणि एक ग्राहकाच्या रागाचा. माणसांचा एकही नव्हता, आणि समन्वयकाने आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलेलं: टीम अकरा जणांची. वास्तविक त्या सहांपैकी एकाला त्याने वर्षभर बरोबर नेऊन ग्राहकाच्या ऑडिटला उभं केलं होतं. रात्री घरी आठवलं. संध्याकाळी आभाराचा चार ओळींचा मेल गेलेला होता, त्यात हे घालायची वेळ निघून गेली होती.

ऑफर आठव्या कामाच्या दिवशी आली: १४ लाख ४० हजार, वेरिएबल १५ टक्के. त्याने हिशोबाचा कागद समोर ठेवून वेरिएबल १० वर आणायला सांगितलं. दोन दिवसांनी तसं झालं. दुसरी दुरुस्ती पदनामात होती, पत्रात ‘कस्टमर क्वालिटी’ऐवजी नुसतं ‘क्वालिटी’ पडलं होतं. नोटीस ९० दिवसांची, नव्या कंपनीला ६० दिवसांत हवा होता. शिल्लक रजा १८ दिवस आणि उरलेल्या १२ दिवसांचे पैसे भरायची तयारी. नेमणूकपत्रात हे पैसे बेसिकवर धरायचे की एकूण पगारावर हे त्याने आधी वाचून घेतलं होतं (बेसिकवर होते). प्रोबेशनच्या काळात नव्या नोकरीची नोटीस किती, हेही एचआरला विचारून लेखी घेतलं: ३० दिवस. दुरुस्त पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या त्यानंतरच्या सोमवारी भोसरीत राजीनाम्याचा मेल गेला.